आखाजीचं ताट

आमच्या नृत्यन्यासाच्या विश्वस्त मंडळात नाचता येणारं एकही माणूस नव्हतं. सुरेश आगाशे बँकेत मॅनेजर, त्याची बायको उज्ज्वला शाळेत विज्ञान शिकवायची, कमलताई वकील, पराग इथेच, सुरतेच्या पांडेसरा भागातल्या एका डाइंग मिलमध्ये इंजिनियर आणि मी दातांची डॉक्टर. नाचाचा आणि दातांचा काय संबंध, असं लोक मला विचारत. स्टेजवर पोरीनं हसायला नको का, असं मी सांगत असे. विनोद शिळा झाला तरी मी तो सोडला नाही, कारण खरं कारण सांगणं जिवावर यायचं.

खरं कारण योगिता होती. सुरेश-उज्ज्वलाची एकुलती एक मुलगी. सोळा वर्षांची, उंच, बडबडी, सरलाबाईंकडे लहानपणापासून कथक शिकणारी. ब्याण्णव साली ती पहिल्यांदा स्टेजवर एकटी नाचणार होती. सरलाबाईंनी तिच्यासाठी खास एक तराणा बसवला होता. कार्यक्रम आठवड्यावर आला आणि तिला ताप भरला. मेंदूज्वर. अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, लोक सोनं घ्यायला बाहेर पडले होते तेव्हा, आम्ही तिला घेऊन स्मशानात गेलो. त्या दिवसाला अक्षय्य म्हणतात याचा मला तेव्हा इतका राग आला होता की विचारू नका.

मराठी माणसाला दुःख झालं की तो एक तर देवळात जातो, नाहीतर संस्था काढतो. आगाशे देवळात जाणाऱ्यांतले नव्हते. वर्षाच्या आत कमलताईंनी कागद केले आणि योगिताच्या नावाचा न्यास उभा राहिला. परागनं बमरोलीच्या कामगारवस्तीत मिलची एक रिकामी खोली मिळवून दिली. तिथे कारखान्यांत काम करणाऱ्या खानदेशी माणसांच्या मुलींना सरलाबाई फुकट कथक शिकवू लागल्या. आमच्या बैठका रविवारी सकाळी माझ्या दवाखान्यात व्हायच्या. खुर्च्या कमी पडायच्या म्हणून सुरेश पेशंटच्या खुर्चीत पाय लांब करून बसायचा आणि तिथूनच ठराव मांडायचा. पहिली दोन वर्षं उज्ज्वला बैठकीत बसायची, पण बोलायची नाही. घरी जाताना माझा हात दाबायची, तेवढंच.

मग वर्गात सुषमा आली.

सुषमाचा बाप निंबा परागच्या मिलमध्ये बॉयलरवर होता, आई शोभाबाई घरी साड्यांना टिक्या चिकटवायची. सुरतेत प्लेग आला त्या वर्षी वर्गातल्या निम्म्या मुली गावी पळाल्या त्या परतल्याच नाहीत. सुषमा परतली आणि पहिल्याच दिवशी सरलाबाईंना म्हणाली, "गावाला मी रोज गच्चीवर तत्कार करायची. बापानं शिव्या दिल्या, तरी पण." पोरगी हाडाची नाचणारी होती. मला नाचातलं काही कळत नाही, पण ती पाय आपटायला लागली की मला दवाखान्यात परत जावंसं वाटत नसे.

उज्ज्वला बोलायला लागली ती सुषमामुळे. सुषमाला दूध मिळतं का, दहावीचं गणित कसं चाललंय, तिच्या केसांना कुठलं तेल. हळूहळू सुषमा शनिवार-रविवार आगाश्यांच्या भटार भागातल्या घरीच असायची. उज्ज्वलाला ती सुरती मुलींसारखी 'बेन' म्हणायची. आम्हाला सगळ्यांना बरं वाटलं. चला, उज्ज्वला माणसांत आली, असं आम्ही एकमेकांना म्हणालो. शोभाबाईला काय वाटत होतं, ते विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. शोभाबाई काही मंडळावर नव्हती.

सत्याण्णव साली उज्ज्वलानं पहिल्यांदा स्वतः विषय मांडला. न्यासाचा वार्षिक कार्यक्रम आम्ही तिथीच्या जवळपासच्या एखाद्या रविवारी करायचो. तो या वर्षी अक्षय्य तृतीयेलाच करायचा आणि सुषमानं तो तराणा करायचा.

"मी तो कधी पुरा पाहिलाच नाही गं," ती मला म्हणाली. "योगू आतल्या खोलीत तुकडे घोकायची. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. म्हणायचे, बघू की, स्टेजवर बघू, घाई काय आहे. एकदा, फक्त एकदा मला तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहायचाय."

याला नाही कोण म्हणणार? पराग म्हणाला, मिल बंद असते, मंडळी मोकळी सापडतील. कमलताई म्हणाल्या, सुट्टीचा दिवस आहे, शाळेचा हॉल मिळेल. सुरेश म्हणाला, मुहूर्त चांगला आहे. पाचही जणांनी हात वर केले.

अक्षय्य तृतीया म्हणजे खानदेशी माणसाची आखाजी, हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. आखाजीला अर्धी बमरोली, शेजारचं अर्धं भेस्तान रिकामं होतं. माहेरवाशिणी माहेरी जातात, घरोघरी गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात आणि त्यांच्या वाटचं कुणाला तरी 'पित्तर' म्हणून पाटावर बसवून जेवू घालतात. ठाऊक सगळं होतं, पण ते आमच्या हॉलच्या तारखेशी जोडून पाहण्याइतकं कुणाला गरजेचं वाटलं नाही. वर्गातल्या बऱ्याच मुली गावी गेल्या. सुषमाचं घर मात्र तिच्या हट्टापायी थांबलं. कार्यक्रम उरकून रात्री घागर भरू, असं शोभाबाईनं म्हणे ठरवलं होतं.

त्या दिवशी दुपारी उज्ज्वलानं सुषमाला जेवायला बोलावलं. मीही होते, कारण उज्ज्वलाला एकटं ठेवायचं नाही असं मी ठरवलं होतं. जेवण साधं नव्हतं. पुरणपोळी, आमरस, कुरडया, बटाट्याची भाजी. योगिताच्या आवडीचं सगळं. उज्ज्वलानं सुषमाला न्हाऊ घातलं होतं, केसांची लांब वेणी घातली होती आणि योगिताचा नाचाचा निळा पोशाख अंगावर चढवला होता. अंगाला किती छान बसतो बघ, असं ती मला तीनतीनदा म्हणाली. समोरच्या भिंतीवर योगिताचा फोटो होता, त्याला सुरेशनं सकाळीच मोगऱ्याचा हार घातला होता. फोटोखाली पाण्यानं भरलेला मातीचा घट होता. सुरेशच्या आईची रीत होती म्हणून तो दर वर्षी ठेवायचा, त्यापलीकडे त्यात त्याच्या मनात काही नव्हतं. टेबलावर पंखा नीट लागत नाही म्हणून उज्ज्वलानं त्या फोटोसमोरच जमिनीवर पाट मांडला.

शपथेवर सांगते, तिच्या मनात माया सोडून दुसरं काही नव्हतं. सुषमा पाटावर बसली, उज्ज्वलानं वाटीतला रस तिच्या पोळीवर ओतला आणि म्हणाली, "जेव, योगू. पोटभर जेव."

तिच्या तोंडून ते निघून गेलं. सुषमानं घास घेतला. आणि दारात शोभाबाई उभी होती.

पोरीला हॉलवर न्यायला ती आली होती. नवं लुगडं, हातात सांजोऱ्यांचा डबा. तिनं हार घातलेला फोटो पाहिला, घट पाहिला, पाट, भरलेलं ताट, आणि मेलेल्या पोरीचे कपडे घालून जेवणारी स्वतःची पोर पाहिली. डबा तिच्या हातातून पडला नाही. तिनं तो सावकाश उंबऱ्यावर ठेवला.

"हाई काय करी राह्यनात तुम्ही?" ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की आधी मला कळलंच नाही. "मनी पोरले पित्तर बसाडं?"

"अहो, पित्तर काय?" उज्ज्वला हसतच उठली. "जेवायला बोलावलंय तिला. तुम्हीही बसा ना शोभाबाई."

"बेन, मनी पोर जित्ती शे!"

ते वाक्य त्या घरात असं काही घुमलं, की उज्ज्वला तिथेच थांबली. शोभाबाई आत आली, सुषमाचा दंड धरला. "ऊठ वं. ताटवरथीन ऊठ."

"माय, असं काय नही वं," सुषमा रडकुंडीला आली. पण उठली. तिनं आतल्या खोलीत जाऊन स्वतःचा फ्रॉक घातला, निळा पोशाख घडी करून पलंगावर ठेवला आणि आईच्या मागं निघून गेली. उष्टं ताट तसंच राहिलं. उज्ज्वला ताटाकडे बघत म्हणाली, "मी असं काही केलं नाही गं अर्चना. मी असं कशाला करीन?" मी तिला पाणी दिलं. तिला दुसरं देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

सुरेशनं फोन लावले. तासाभरात मंडळ गोळा झालं. हॉलवर लोक यायला सुरुवात झाली होती, तबलजी आला होता, सरलाबाई घामाघूम होऊन फेऱ्या मारत होत्या. कमलताई म्हणाल्या, पालकांची संमती नसेल तर आपण काही करू शकत नाही. सुरेश म्हणाला, कार्यक्रम पुढे ढकलू. मग उज्ज्वलाकडे पाहून त्यानं तेही मागे घेतलं. तिच्या तोंडाकडे पाहवत नव्हतं. तेव्हा पराग किल्ल्या घेऊन उठला. "मी समजावून घेऊन येतो. अर्चनाताई, तुम्ही चला. बाई माणूस बरोबर असलं की बरं."

बमरोलीतली निंबाची खोली आम्हाला सापडली ती रिकाम्या चाळीत एकट्याच वाजणाऱ्या रेडिओवरून. बाहेर गाठोडं बांधून ठेवलं होतं. भुसावळकडची संध्याकाळची गाडी धरून गावी जायचं ठरलं होतं. सुषमा भिंतीला टेकून बसली होती, डोळे सुजलेले.

मी शोभाबाईच्या शेजारी बसले. म्हटलं, "गैरसमज झालाय हो. त्यांच्या मनात तसं काही नव्हतं."

"मले ठाऊक शे," ती म्हणाली. मग माझ्यासाठी ती अहिराणीत मराठी मिसळून बोलू लागली. "डॉक्टरीणबाई, ती बाई वाईट नही. पन आमच्याकडं मरेल पोरीच्या नावानं पोरच जेवाडतात. मी बी लहानपनी बसेल शे पाटावर. जेवलं, का पित्तर जातं. त्याले कोनी ठेवी लेत नही. तुमनी बेन मनी पोरले ठेवी ली राह्यनी. शनवार झाला का तिच्याकडं. सन झाला का तिच्याकडं. मी काय बोलनी नही. म्हटलं, दुखी बाई शे. पन आज तिनं तिचं नाव बी बदली टाकं."

खरंच होतं ते. इतकी वर्षं आम्ही उज्ज्वलाच्या दुःखाची काळजी घेतली होती आणि त्यासाठी दुसऱ्या बाईची पोर बिनदिक्कत वापरली होती.

"सुषमा, तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"मारे नाचवुं छे," ती गुजरातीतच म्हणाली, मग मराठीत आली. "नाचायचंय. पण माय रडते ना."

मी उठले. परागला म्हटलं, चला, राहू द्या. पराग दारात निंबाशी बोलत होता. तो रागावला नव्हता. त्यानं निंबाच्या खांद्यावर हातसुद्धा ठेवला होता.

"परवा कुठली पाळी तुझी, निंबा?"

"दिवसपाळी, साहेब."

"बरं बरं. काही नाही, सहज विचारलं. सुपरवायझर नवीन आहे ना, जरा सांभाळून राहा."

एवढंच. निंबानं एकदा बांधलेल्या गाठोड्याकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. मग म्हणाला, "सुषमा, चाल. नाची घे." शोभाबाई काहीतरी बोलायला गेली, तर तो खेकसला, "तू गप वं!"

गाडीत मी परागला म्हटलं, "हे तुम्ही बरं केलं नाही." तो म्हणाला, "मी काय बोललो, अर्चनाताई? पाळी विचारली." आणि तो खरंच एवढंच बोलला होता. मागच्या सीटवर सुषमा, निंबा आणि शोभाबाई एकमेकांकडे न बघता बसले होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण त्या तिघांच्या देखत भांडण उकरून काढणं मला जमलं नाही.

हॉलवर उज्ज्वलाला कुणीतरी एवढंच सांगितलं, की आली. तिचा चेहरा असा उजळला, की तो पाहून मलाही क्षणभर वाटलं, जाऊ दे, आली ना, पुरे. तिनं स्वतः सुषमाच्या पायांत घुंगरू बांधले. निळ्या पोशाखाचं नाव काढलं नाही. सुषमा वर्गातल्या साध्या पांढऱ्या पोशाखात स्टेजवर गेली. पहिल्या रांगेत आम्ही मंडळ बसलो. मध्ये उज्ज्वला, मांडीवर हात घट्ट धरून.

तराणा सुरू झाला. मला नाचातलं कळत नाही असं मी म्हटलं, पण त्या दिवशी हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकाला कळलं असेल की पोरगी काय ताकदीची आहे. लय चढत गेली. सरलाबाई डोळे मिटून बोल म्हणत होत्या. उज्ज्वलाचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. तिला सगळे बोल पाठ होते. स्वयंपाकघरातून ऐकून ऐकून झालेले. एक तुकडा संपला की ती मान हलवायची आणि पुढच्याची वाट बघायची.

सुषमा मात्र आमच्याकडे बघत नव्हती. कथकमध्ये पाहणाऱ्याकडे पाहून हसायचं असतं, हे एवढं मला माहीत होतं. तिची नजर प्रत्येक वळणावर आमच्या डोक्यावरून हॉलच्या दाराकडे जात होती. चकरा सुरू झाल्या तेव्हाही ती दर चकरेला तिथेच येऊन थांबत होती. उज्ज्वलाच्या ते लक्षात आलं. तिनं वळून पाहिलं, म्हणून मीही पाहिलं.

दारात शोभाबाई उभी होती. आत आली नव्हती, बाहेरही गेली नव्हती. पदर तोंडात धरला होता. पोर गिरकी घ्यायची, तशी ती अर्धं पाऊल पुढे यायची, जणू ती पडली तर झेलायला. मग थांबायची. तिचे डोळे असे लागले होते पोरीवर, जणू पापणी मिटली तर पोर नाहीशी होईल.

उज्ज्वला किती वेळ तिच्याकडे बघत राहिली कोण जाणे. योगिताच्या आजारात हॉस्पिटलच्या काचेबाहेर उज्ज्वला स्वतः अशीच उभी होती. मी तेव्हा तिच्या शेजारी होते, मला ते चांगलं आठवतं. आता शेवटच्या चकरा आणि तिहाई एवढंच राहिलं होतं. ज्यासाठी तिनं पाच वर्षं काढली, ते आता काही क्षणांवर होतं. आणि उज्ज्वला उठून उभी राहिली.

"थांबवा," ती म्हणाली. "सरलाबाई, थांबवा."

तबला थांबला. सुषमा एका पायावर तोल सावरत उभी राहिली. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. उज्ज्वला पायऱ्या चढून वर गेली, सगळ्यांच्या देखत खाली बसली आणि सुषमाच्या पायांतले घुंगरू सोडू लागली.

"बेन, थोडुं ज बाकी छे," सुषमा रडत म्हणाली. "मी करते ना पूर्ण. बेन, मी करते."

"करशील. कुठेही कर, खूप कर. इथे नको, बाळा." गाठ सुटत नव्हती, उज्ज्वला ती नखांनी ओढत होती. "मला तुझ्या आईकडे बघवत नाहीये."

तिनं सुषमाचा हात धरला आणि माणसांच्या मधून तिला दारापर्यंत नेलं. शोभाबाईच्या हातात तो हात दिला. "गाडी आहे ना तुमची?" तिनं विचारलं. "मग निघा. मिळेल. आखाजीला घरी असावं पोरीनं." शोभाबाईनं तिच्याकडे पाहिलं आणि पोरीला छातीशी धरलं. निंबा मागून खाली मान घालून गेला. उज्ज्वला परागपाशी आली आणि हळूच म्हणाली, "निंबाची पाळी कुठली असते, ते पुन्हा विचारायचं नाही." तिला हे कुणी सांगितलं मला माहीत नाही. मी नाही. पराग मान वर करू शकला नाही.

लोक हळूहळू पांगले. सरलाबाई स्टेजवर एका कडेला बसून डोळे पुसत होत्या. उज्ज्वला परत आपल्या खुर्चीत येऊन बसली होती. घुंगरू मांडीवर. सुरेश तिच्यासमोर उकिडवा बसला.

"शेवटच्या चकरा तर राहिल्या होत्या गं," तो म्हणाला. "थोडंच राहिलं होतं. आता कधी बघशील तू?"

"नाही बघणार."

"मग थांबली असतीस ना थोडी."

उज्ज्वलानं त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिला मी असं रडताना पाहिलं नव्हतं. आवाज करून, लहान मुलासारखं.

"त्या बाईला दारात उभं राहून आपली पोर परत मागता आली, सुरेश. आणि मिळाली तिला. मी कुणाच्या दारात जाऊन उभी राहू?"

सुरेशनं तिचे दोन्ही हात धरले. आम्ही बाकीचे विश्वस्त आपापल्या खुर्च्यांवर तसेच बसून राहिलो.